पबमधील फ्रूट मशीन : पहिले नाणे टाकण्यापूर्वी

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला नव्याने आलेला मराठी माणूस पहिल्यांदा पबमध्ये जातो, तेव्हा बारपासून थोडे बाजूला, बहुधा स्वच्छतागृहाच्या वाटेवर, दिव्यांची उघडझाप करणारे एक उंच यंत्र त्याच्या नजरेस पडते. चेरी, लिंबू, आलुबुखार, घंटा आणि 'बार' असा शब्द छापलेल्या पट्ट्या त्यावर फिरत असतात. इंग्लंडमध्ये याला फ्रूट मशीन किंवा लाडाने 'फ्रूटी' म्हणतात, तर स्कॉटलंडमध्ये 'पगी'. फळे कुठून आली, असा प्रश्न पडला तर उत्तर अमेरिकेत सापडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली काही यंत्रे बक्षीस म्हणून च्युइंग गम देत असत आणि ही फळे म्हणजे त्या गमचे स्वाद होते. गम गेला, फळे राहिली.

महाराष्ट्रात वाढलेल्या बहुतेकांनी असे यंत्र कायदेशीरपणे चालताना पाहिलेलेच नसते. राज्याने १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला खरा, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्दही झाला. गोव्याला जाऊन आलेल्यांना स्लॉट मशीन ठाऊक असते. मात्र गोव्यातल्या कॅसिनोत माणूस जुगार खेळायचा असे ठरवूनच पाऊल टाकतो. पबमध्ये तो मित्रांबरोबर बिअर प्यायला गेलेला असतो, आणि बारवरून परत मिळालेली सुटी नाणी हातात घेऊन सहज त्या यंत्रापाशी थांबतो. यंत्राची सगळी रचना या 'सहज'साठीच केलेली आहे.

विद्यार्थी असताना मी मिडलंड्समधल्या एका पबमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी बारमागे काम करत असे. यंत्राबद्दल गिऱ्हाइकांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच होता : "हे आता द्यायला आलंय का?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देण्यासाठी कायदा काय सांगतो, यंत्रावरची पाटी काय सांगते आणि दोन्ही कशाबद्दल गप्प राहतात, हे समजून घ्यावे लागते.

यंत्राचा वर्ग ओळखा

इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये जुगाराच्या यंत्रांना २००५ चा गॅम्ब्लिंग ॲक्ट लागू होतो. तो १ सप्टेंबर २००७ पासून पूर्णपणे अमलात आला आणि त्यावर देखरेख ठेवण्याचे काम गॅम्ब्लिंग कमिशन करते. उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा आहे. पुढचे नियम तिथे लावू नयेत.

या कायद्याने यंत्रांचे वर्ग पाडले आहेत, आणि पबमधले नेहमीचे फ्रूट मशीन 'सी' वर्गात मोडते. या वर्गात एका डावाला जास्तीत जास्त १ पौंड लावता येतो आणि एका डावाचे मोठ्यात मोठे बक्षीस १०० पौंड असते. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत आली आहे : कायदा लागू झाला तेव्हा ती ५० पेन्स आणि ३५ पौंड होती, २००९ साली १ पौंड आणि ७० पौंड झाली, आणि जानेवारी २०१४ पासून बक्षीस १०० पौंडांवर गेले. दिसायला अगदी अशीच यंत्रे हाय स्ट्रीटवरच्या, म्हणजे मुख्य बाजाररस्त्यावरच्या, बेटिंग शॉपमध्ये (पैजा लावण्याच्या दुकानात) किंवा प्रौढांच्या आर्केडमध्ये (अशा यंत्रांच्या दालनात) असतात. पण ती बहुधा 'बी-३' वर्गाची असतात, त्यांत एका डावाला २ पौंडांपर्यंत लावता येतात आणि बक्षीस ५०० पौंडांपर्यंत जाते. कॅसिनोतल्या 'बी-१' यंत्रांत हेच आकडे ५ पौंड आणि १०,००० पौंड असे आहेत. पबमधल्या यंत्रावर खेळायची सवय झालेला माणूस त्याच सहजतेने बेटिंग शॉपमध्ये शिरला, तर त्याच्या लक्षात येण्यापूर्वीच खर्चाची गती दुप्पट झालेली असते. म्हणून यंत्राच्या दर्शनी भागावर किंवा पडद्यावरच्या माहितीत वर्ग आणि कमाल रक्कम कुठे लिहिली आहे, ते आधी शोधावे.

पबमध्ये अशी किती यंत्रे असू शकतात, याचाही नियम आहे. जिथे जागेवर बसून पिण्यासाठी मद्य विकण्याचा परवाना आहे आणि जिथे जेवण न मागवताही बारवर पेय मिळते, अशा जागेला 'सी' किंवा त्याहून लहान बक्षिसांच्या 'डी' वर्गाची दोन यंत्रे ठेवण्याचा हक्क आपोआप मिळतो. परवानाधारकाने स्थानिक कौन्सिलला, स्कॉटलंडमध्ये लायसन्सिंग बोर्डाला, लेखी कळवायचे आणि ५० पौंड शुल्क भरायचे, एवढेच. दोनपेक्षा अधिक यंत्रे हवी असतील तर वेगळे परमिट घ्यावे लागते.

पाटी वाचा, आणि सावकाश वाचा

आमच्या पबमधल्या यंत्रावर ही पाटी काचेच्या आत, डावीकडे खाली, गुडघ्याच्या उंचीवर होती. अक्षरे इतकी बारीक की वाचण्यासाठी वाकावे लागे, आणि त्या जागेवर बिअरचे वाळलेले शिंतोडे नेहमीचेच. बंद करताना यंत्र पुसणे माझ्याकडे असल्यामुळे ती पाटी मला पाठ झाली होती. रोज खेळणाऱ्यांपैकी मात्र कोणीही तिच्यासमोर वाकलेले मी पाहिले नाही. नव्या डिजिटल यंत्रांत हीच माहिती पडद्यावरच्या 'हेल्प' किंवा 'इन्फो' बटणामागे असते.

पाटीवर सर्वांत महत्त्वाचा मजकूर म्हणजे परताव्याची टक्केवारी. यंत्राचा सरासरी परतावा किमान अमुक टक्के आहे, अशा अर्थाचे ते वाक्य असते. येथे नवख्या माणसाची हमखास होणारी समजूत अशी, की हा आकडा सरकारने ठरवून दिलेला असणार. तसे नाही. परतावा किमान किती असावा, हे ब्रिटिश कायदा सांगत नाही. तो जाहीर केला पाहिजे, एवढेच बंधन आहे. कायदा डावाची रक्कम बांधतो, बक्षीस बांधतो, यंत्रांची संख्या बांधतो, पण परतावा बांधत नाही. शिवाय एकाच नावाचे आणि एकाच रंगरूपाचे यंत्र दोन पबमध्ये वेगवेगळ्या टक्केवारीवर लावलेले असू शकते, आणि एकाच डिजिटल यंत्रातल्या वेगवेगळ्या खेळांची टक्केवारीही निरनिराळी असू शकते. त्यामुळे मागच्या पबमध्ये वाचले होते, हे पुरेसे नाही.

आता या आकड्याचा अर्थ. उदाहरणादाखल ८० टक्के धरू. याचा अर्थ, यंत्रात लावल्या गेलेल्या प्रत्येक १०० पौंडांमागे सरासरी ८० पौंड बक्षिसांच्या रूपाने बाहेर येतात. मात्र ही सरासरी हजारो डावांवर काढलेली असते, सहसा १०,००० किंवा १,००,००० डावांवर. आपण बिअरचा ग्लास संपेपर्यंत खेळतो ते तीसचाळीस डाव त्या हिशेबात कुठल्या कुठे जातात. टक्केवारी ही यंत्राच्या वहीतली नोंद आहे. तिच्यात आपले खाते उघडलेले नसते. आपल्याला त्या संध्याकाळी काहीच मिळाले नाही आणि आठवड्यापूर्वी कोणा दुसऱ्याला १०० पौंड मिळाले, तरीही यंत्राची टक्केवारी चोख राहते.

दुसरी गफलत अधिक महागात पडते. "८० टक्के परत येणार, म्हणजे २० पौंड घातले तर फार तर ४ पौंड जातील," असा हिशेब मनात केला जातो. तो चुकतो, कारण टक्केवारी खिशातून काढलेल्या पैशांवर लागत नाही, लावलेल्या प्रत्येक डावावर लागते, आणि जिंकलेली रक्कम आपण बहुतेक वेळा पुन्हा खेळवतो. एक पौंडाचे वीस डाव झाल्यावर सरासरीने १६ पौंड हाती राहतात. ते पुन्हा खेळवले की १२ पौंड ८० पेन्स. तेही खेळवले की १० पौंड २४ पेन्स. जवळजवळ एकोणपन्नास डावांत निम्मी रक्कम गेली, आणि तरीही यंत्राने पाटीवर दिलेला शब्द तंतोतंत पाळला. मिनिटाला दहा डाव या बेतशीर गतीने कोणी तासभर एकेका पौंडाचे डाव खेळत राहिला, तर त्याने ६०० पौंडांचे डाव लावलेले असतात आणि सरासरीने १२० पौंड गमावलेले असतात.

मधले २० टक्के कुठे जातात, हेही जाता जाता सांगतो. यंत्रांवर १ फेब्रुवारी २०१३ पासून मशीन गेम्स ड्यूटी आहे, आणि पबमधल्या अशा यंत्राला ती निव्वळ उत्पन्नाच्या, म्हणजे लावलेल्या रकमेतून बक्षिसे वजा करून उरलेल्या पैशाच्या, २० टक्के दराने लागते. वरच्या उदाहरणात १०० पौंडांमागे उरलेल्या २० पौंडांतले ४ सरकारचे, आणि बाकीचे यंत्राचा पुरवठादार आणि पबचालक आपसातल्या करारानुसार वाटून घेतात. यंत्र बहुधा पबच्या मालकीचे नसतेच. खेळाडूला मिळालेल्या बक्षिसावर ब्रिटनमध्ये प्राप्तिकर लागत नाही.

'द्यायला आलंय का?' या प्रश्नाचे उत्तर

पाटीवर आणखी एक वाक्य शोधायचे आहे, आणि माझ्या मते नवख्याच्या दृष्टीने ते टक्केवारीहून मोलाचे आहे. यंत्र 'रँडम' आहे की 'कॉम्पेन्सेटेड', हे त्यात सांगितलेले असते.

रँडम यंत्रात प्रत्येक डाव स्वतंत्र असतो. मागच्या शंभर डावांत काय झाले, याची त्याला खबरही नसते. मटक्याच्या काळात मुंबईत "बरेच दिवस सत्ता लागला नाही, आता लागायलाच हवा" असे छातीठोक सांगणारे होते. तो तर्क तेव्हा जितका पोकळ होता तितकाच रँडम यंत्रापुढे पोकळ आहे. कोणी तासभर हरून उठला म्हणून त्या जागी बसण्यात काडीचाही लाभ नाही.

कॉम्पेन्सेटेड यंत्राचे तसे नाही. आधीच्या खेळाचा परिणाम पुढच्या खेळावर होऊ शकतो, असे त्याच्या पाटीवरच लिहिलेले असते. ठरलेल्या टक्केवारीपेक्षा कमी पैसे दिले गेले असतील तर हे यंत्र हात सैल सोडते आणि जास्त दिले गेले असतील तर मूठ आवळते. 'सी' वर्गात अशा यंत्रांना कायद्याने मुभा आहे. जुनी, खऱ्या फिरत्या पट्ट्यांची यंत्रे बहुतांशी याच जातीची. डिजिटल पडद्यांची बहुतांशी रँडम.

यामुळे त्या प्रश्नाला काही अर्थ आहे असे वाटेल, आणि थोडासा आहेही. आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी एक निवृत्त गृहस्थ येत. ते पेन्शनमधली ठरावीक नाणी शांतपणे घालत बसत. खिडकीपाशी दुसरा एक मध्यमवयीन माणूस अर्धा ग्लास लेमोनेड आणि वर्तमानपत्र घेऊन बसलेला असे, पण त्याचे पान क्वचितच उलटे. गृहस्थ उठून कोट चढवू लागले की हा पेपर घडी करून खुर्चीवर ठेवी आणि ते दारापर्यंत पोहोचायच्या आत यंत्रापुढे उभा राही. कॉम्पेन्सेटेड यंत्रांवर असे दबा धरून बसणारे लोक आहेत, आणि त्यांना कोणत्या यंत्राची चाल कशी आहे हे वर्षानुवर्षांच्या निरीक्षणाने ठाऊक असते. नवख्याने यातून घ्यायची गोष्ट अशी, की अशा यंत्रावर थोडे खेळून उठणारा माणूस बहुधा पुढच्याची तरतूद करून जात असतो. यंत्र 'द्यायला आले' आहे की नाही, हे बाहेरून पाहून कळत नाही. किती वेळात किती आत गेले आणि किती बाहेर आले, याची नोंद फक्त यंत्राच्या पोटात असते. बारमागच्या माणसालाही ती दिसत नाही. मला तर कधीच दिसली नाही; पैशाच्या पेटीची किल्ली पुरवठादाराकडून येणाऱ्या वसुलीच्या माणसाकडे असे.

फार जुन्या यंत्रांवर एक तिसरी सूचनाही आढळते : यंत्र कधी कधी असा पर्याय देऊ शकते, की ज्यात खेळाडूला यश मिळण्याची शक्यताच नसते. जिंकलेली रक्कम दुप्पट करण्यासाठी पुढचा आकडा मोठा येईल की लहान, असे यंत्र विचारते आणि आपण काहीही सांगितले तरी उत्तर चुकणारच असते, असा त्याचा सरळ अर्थ. ही सूचना दिसली तर त्या यंत्रावरची दामदुपटीची बटणे विसरून जावीत.

बटणे

पाटी वाचून झाल्यावरही खेळावेसे वाटले, तर बटणांची ओळख करून घ्यावी. 'स्टार्ट' किंवा 'स्पिन'ने पट्ट्या फिरतात. 'होल्ड'चा दिवा लागला, तर आवडलेली पट्टी पुढच्या डावात जागच्या जागी धरून ठेवता येते. 'नज' मिळाले, तर थांबलेली पट्टी एकेक घर सरकवता येते. या दोन्ही गोष्टींमुळे खेळ आपल्या हातात असल्याचा जो भास होतो, तो ब्रिटिश फ्रूट मशीनचे खास वैशिष्ट्य आहे. भास अशासाठी म्हणतो, की कौशल्याने चुकीचे होल्ड टाळता येतात, पण टक्केवारी ओलांडता येत नाही. प्रश्नोत्तरांची क्विझ मशीन ही निराळी चीज. ती कौशल्याची यंत्रे समजली जातात आणि त्यांना हे नियम लागू नाहीत.

खरे लक्ष द्यायचे ते 'क्रेडिट' आणि 'बँक' या दोन खिडक्यांकडे. आपण घातलेले पैसे क्रेडिटमध्ये दिसतात, जिंकलेले बँकेत. बँकेतली रक्कम क्रेडिटमध्ये वळवणारे बटण 'कलेक्ट'च्या शेजारीच असते, आणि दोन ग्लास झाल्यावर बोट नेमके त्यावर पडते. बँकेत काही जमले की लगेच 'कलेक्ट' दाबण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. नाणी खालच्या ताटलीत पडून थांबेपर्यंत तिथून हलू नये.

पैसे अडकले तर

एका शनिवारी आमच्या यंत्राने १०० पौंडांचे बक्षीस लावले आणि ६३ पौंड ओतून ते थांबले. आतली नाणी संपली होती. जिंकलेला तरुण घाबरून यंत्र हलवू लागला. तसे मुळीच करू नये, आणि प्लगला हात लावू नये. अशा वेळी पडद्यावर बाकी रक्कम दिसत असते. तिचा आणि यंत्रावरच्या क्रमांकाचा फोटो काढावा, यंत्रापुढून न हलता बारवर कोणाला तरी बोलावून घ्यावे आणि वेळ लिहून ठेवायला सांगावी. आमच्या पबचालकाने उरलेले ३७ पौंड गल्ल्यातून दिले आणि वहीत त्या तरुणाची सही घेतली. सगळेच पबचालक इतके तत्पर नसतात. रक्कम नाकारली गेली किंवा यंत्रच सदोष वाटले, तर यंत्रावर चिकटवलेल्या पुरवठादाराच्या क्रमांकावर तक्रार करावी, आणि तिथेही दाद लागली नाही तर कौन्सिलच्या लायसन्सिंग विभागाला लिहावे. गॅम्ब्लिंग कमिशन अशा तक्रारींची नोंद घेते, पण कोणाचे बुडालेले पैसे वसूल करून देत नाही.

नाणे दोऱ्याला बांधून घालणे किंवा यंत्राला कसलीशी तार लावणे, हे किस्से पबमध्ये रंगवून सांगितले जातात. कायद्याच्या ४२ व्या कलमाखाली जुगारात फसवणूक करणे हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्हिसावर आलेल्या माणसाने अशा किस्स्यांना हसावे आणि आपल्या टेबलाकडे परतावे.

वय, कार्ड आणि थांबणे

'सी' वर्गाच्या यंत्रावर १८ वर्षांखालील कोणीही खेळू शकत नाही, आणि यंत्र कर्मचाऱ्यांच्या नजरेच्या टप्प्यात असावे अशी अपेक्षा आहे. अंमलबजावणीची अवस्था मात्र फारशी अभिमानास्पद नाही : २०१८ साली इंग्लंडमधल्या काही पबमध्ये केलेल्या चाचणीत जवळजवळ ९० टक्के ठिकाणी मुलांना अडवले गेले नव्हते. रविवारी दुपारच्या जेवणाला मुलांना घेऊन पबमध्ये जाणाऱ्या कुटुंबांनी हे काम बारवर सोपवू नये. ब्लॅकपूलसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत मुले पेन्सांची नाणी ढकलणाऱ्या यंत्रांवर खेळताना दिसतात, ती 'डी' वर्गातली असतात. त्यावरून पबमधलेही चालेल असा निष्कर्ष काढू नये. यंत्रात क्रेडिट कार्ड चालत नाही, तशी कायद्यातच बंदी आहे. पबमध्ये कॅश मशीन असेल तर ती पळवाट होऊ शकते, म्हणून ठरवलेली रक्कम नाण्यांत वेगळी करून कार्ड टेबलावरच्या मित्राकडे ठेवणे मला सर्वांत सोपे वाटते.

खेळणे आवरत नाही असे वाटू लागले, तर ०८०८ ८०२० १३३ ही नॅशनल गॅम्ब्लिंग हेल्पलाइन चोवीस तास विनामूल्य चालते. ऑनलाइन जुगारापासून स्वतःला दूर ठेवण्यासाठी असलेली 'गॅमस्टॉप' ही नोंदणी पबमधल्या यंत्रांना लागू होत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. तिथे पबचालकाशीच बोलावे लागते : मला या यंत्रावर खेळू देऊ नका, असे शांत वेळी, गर्दी नसताना, शक्यतो दुपारी जाऊन सांगावे. आमच्या पबमध्ये बारमागच्या कपाटाच्या आत अशा दोघांची नावे पेन्सिलने लिहिलेली होती, आणि त्यांच्यापैकी कोणी यंत्राकडे वळला की आम्ही त्याला हाक मारून डार्ट्सचा बोर्ड मोकळा असल्याचे सांगत असू.